दोनशे तेरावी गादी

१

कावेरी मोजायला लागली की तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा कल्पेशभाईच्या गोदामात नियमच पडून गेला होता. खुद्द कल्पेशभाईसुद्धा फोन आला तर बाहेर अंगणात जाऊन बोलायचा.

धंदा साधा होता. नरोलीच्या कारखान्यांत कामाला येणारा माणूस गावाहून एक पिशवी घेऊन येतो, फार तर एक बादली. गादी काही डोक्यावर आणत नाही. ती त्याला कल्पेशभाई भाड्याने द्यायचा. गादी, उशी आणि हवा असेल तर टेबलफॅन. अशा दोनशे बारा गाद्या होत्या, आणि त्या दोनशे बारा कुठे आहेत हे सांगणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे कावेरी.

साक्रीकडची ही बाई अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर सिल्वासाला आली. आधी गाद्यांच्या खोळी शिवायची. त्या काळात गोदामाचा हिशेब कधी म्हणून जुळत नसे. कुठली गादी कुठल्या खोलीत गेली, कुणी परत केली, कुणी गावी घेऊन गेला, काही पत्ता नाही. एका दिवाळीत कावेरीने सगळ्या गाद्या अंगणात काढल्या, पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येकीवर लाल दोऱ्याने आकडा शिवून टाकला. तेव्हापासून एक गादी इकडची तिकडे झालेली नव्हती. कल्पेशभाईने फोनवर नवीन हिशेबाची सोय करून घेतली तरी शेवटी विचारायचं ते तिलाच.

होळी आठ दिवसांवर आली होती. कामगार गावाला निघाले होते आणि निघताना गाद्या परत टाकून जात होते. मोजणीची खरी वेळ हीच. वहीप्रमाणे सहासष्ट गाद्या बाहेर होत्या, म्हणजे गोदामात एकशे सेहेचाळीस हव्यात. कावेरीची पद्धत ठरलेली. एकदा पुढून खडूची खूण करत मोजायचं, एकदा मागून नुसत्या नजरेने. दोन्ही आकडे जुळले तरच वहीत लिहायचं.

पुढून मोजल्या, एकशे सत्तेचाळीस. मागून मोजल्या, एकशे सत्तेचाळीस.

एखादी कमी निघाली असती तर ती चिडली असती. एक जास्त निघाली तेव्हा तिला काय वाटावं हेच कळेना. तिने काळूला हाक मारली. काळू खानवेलकडचा, पन्नाशीचा, टेम्पो चालवायचा आणि मागच्या शेडमध्ये कापूस पिंजायचं मशीनही तोच चालवायचा. दोघांनी मिळून थप्पी उतरवली आणि एकेक पट्टी वाचत गाद्या आकड्यावार लावल्या.

जास्तीची गादी थप्पीच्या पार मधोमध होती. तिलाही पट्टी होती. पट्टीवर लाल दोऱ्यात शिवलं होतं, २१३.

कावेरी डावखुरी होती. तिने शिवलेल्या तीनचं शेपूट नेहमी उलट्या बाजूला झुकायचं. याही तीनचं शेपूट तसंच झुकलेलं होतं.

"बाई, ही कधी केली?" काळूने विचारलं.

"मी नाही केली," ती म्हणाली. आणि मग स्वतःलाच ते पटलं नाही म्हणून पुन्हा म्हणाली, "मी दोनशे बारावर थांबले होते."

२

"वधारे निघाली ने? ओछी तर नाही ने निघाली?" कल्पेशभाई हसला. त्याचं मराठी असंच गुजरातीत बुडवून काढलेलं असे. "जास्तीचा माल निघाला तर कोण रडतं, कावेरीबेन?"

"पण आली कुठून?"

"तूच शिवली असणार. विसरली. माणूस आहे, मशीन थोडीच आहे!"

तसं असेलही. दिवाळीच्या घाईत दिवसाला दहा-दहा पट्ट्या शिवल्या होत्या. हात आपोआप चालतो, डोकं कुठेतरी भलतीकडे असतं. पण पट्टी विसरेल माणूस, गादी कशी विसरेल? कापूस तोलून घ्यावा लागतो, खोळ बेतावी लागते, काळूने पिंजावा लागतो. काळू तर नाही म्हणत होता.

"मी वहीत नाही चढवणार," ती म्हणाली. "जिचा पत्ता नाही ती गादी मी माझ्या अक्षरात लिहायची नाही."

कल्पेशभाईला तिचा हट्ट माहीत होता. त्याने डोकं खाजवलं आणि त्याला एकदम सुचलं. "मग असं कर. घरी घेऊन जा. सुकदेवभाईची कंबर धरते ने? रोज फरशीवर झोपतो. गादी घरी गेली, वहीत दोनशे बाराच्या दोनशे बारा. तुझं पण जुळलं, माझं पण जुळलं."

आकडा जुळतो म्हटल्यावर कावेरीचं मन मऊ झालं, हे खरंच आहे. नंतर तिने स्वतःला पुष्कळदा विचारलं, की त्या दिवशी आपण नवऱ्याच्या कमरेसाठी हो म्हणालो की वहीसाठी?

काळूने गादी गुंडाळून खांद्यावर घेतली आणि दोन पावलांवर थांबला. "बाई, ही उन्हात होती?"

"थप्पीत होती की. मधोमध."

"मग गरम कशी?"

तिने हात लावून पाहिला. गरम नव्हती. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यावर अंथरूण जसं लागतं, तशी होती.

३

किलवणी नाक्याच्या मागे एका खोलीत कावेरी आणि सुकदेव राहत. मुलगी अमृता गावी आजीकडे राहून बारावी करत होती. सुकदेव धाग्याच्या कारखान्यात कायमचा नाईटला. सकाळी आठला घरी यायचा, चहा-भाकरी खाऊन झोपायचा तो चारला उठायचा. कावेरी नऊला गोदामात जायची, दुपारी जेवायला अर्धा तास घरी यायची. भांड्याचा आवाज होऊ न देता जेवायची आणि परत जायची. अकरा वर्षं त्यांचा संसार असा एकमेकांच्या झोपेला जपत चालला होता.

पहिल्या दिवशी ती दुपारी आली तेव्हा सुकदेव नव्या गादीवर गाढ झोपला होता. खिडकीला जुनं धुडकं लावलेलं, खोलीत अंधूक उजेड, पंखा करकरत होता. तिला बरं वाटलं. ताट घेऊन ती चुलीजवळ बसली.

तिसऱ्या घासाला तिच्या लक्षात आलं, की तो गादीच्या अगदी कडेला झोपला आहे. भिंतीच्या बाजूला. एक खांदा गादीवर, एक जवळजवळ फरशीवर. अर्धी गादी मोकळी. एकट्या माणसाने एकट्याच्या गादीवर असं अंग चोरून का झोपावं? फरशीवर झोपायची सवय, दुसरं काय. ती जेवत राहिली.

चौथ्या-पाचव्या घासाला तिने घास तोंडातच थांबवला.

सुकदेवचा श्वास तिला पाठ होता. घेताना नाक वाजायचं, सोडताना ओठ फुरफुरायचे, मग क्षणभर काहीच नाही. त्या क्षणभराच्या रिकाम्या जागेत आज आणखी एक श्वास ऐकू येत होता. हळू, जड. सुकदेव सोडायचा तेव्हा तो घेतला जायचा.

पंखा असेल, तिने स्वतःला सांगितलं. जुना पंखा आहे, काहीही वाजतो. उठून तिने पंखा बंद केला.

पाती थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग तिने घाईघाईने पुन्हा बटण दाबलं, ताट तसंच झाकून ठेवलं आणि चपला हातात घेऊन बाहेर पडली.

४

कावेरी भोळीभाबडी नव्हती. शंका आली की मोजून बघायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी कामाला जाताना तिने सुकदेव झोपल्यावर गादीच्या मोकळ्या बाजूला एक सुती लुगडं घडी करून ठेवलं. इस्त्रीची ताजी घडी, फुगलेली. दुपारी आली तर घडी चपटी झालेली आणि मधोमध खळगा पडलेला. सुकदेव मात्र सकाळी होता तसाच भिंतीला चिकटून.

चारला तो उठला तेव्हा ती मुद्दाम घरी थांबली होती.

"झोपेत या बाजूला सरकता का हो?"

"मी कसा सरकू?" डोळे चोळत तो म्हणाला. "जागा नको का?"

"एवढी जागा आहे की."

सुकदेवने वळून गादीकडे पाहिलं. जरा वेळ पाहतच राहिला. "हो की," तो म्हणाला. "मला झोपेत वाटतं, आणखी सरकलो तर धक्का लागेल."

"कुणाला?"

"आता ते झोपेत काय कळतं वं," तो हसला आणि तोंड धुवायला गेला.

पण त्याची झोप दिवसेंदिवस वाढत चालली. चारऐवजी पाचला उठायचा, मग सहाला, मग कावेरीने हलवल्याशिवाय उठेना. उठल्यावरही चेहरा असा, जसा दोन पाळ्या सलग करून आला आहे. आठवडा झाला. तिने म्हटलं, गादी नको, फरशीवर झोपा. तो म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा धड झोप लागते आहे, तेवढं तरी सुख लाभू दे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आठला आला नाही. साडेनऊला आला, एका सोबत्याच्या मोटारसायकलवर मागे बसून. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी बांधलेली. मशीनपाशी उभ्याउभ्या डोळा लागला होता आणि बाही रोलरमध्ये गेली होती. शेजारच्याने लाल बटण दाबलं म्हणून हात राहिला, नाहीतर खांद्यापर्यंत गेला असता.

कावेरीने त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि ती गादी गुंडाळायला लागली.

"अगं, मी कुठे झोपू?"

"माझ्या पातळावर झोपा. फरशीवर झोपा. पण हिच्यावर नाही."

गुंडाळताना गादी एका बाजूने दाबली जात नव्हती. तिने गुडघा टेकवून सगळा भार दिला तेव्हा कुठे आतून हवा सुटल्यासारखा लांब आवाज झाला.

५

गोदामात आल्यावर तिने पहिलं काम केलं ते गादी वजनकाट्यावर टाकली. नवीन काटा होता, हिरवे आकडे दाखवणारा. एकेरी गादी पाच किलोची, शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे.

काट्याने पाच किलो शंभर दाखवलं. मग दोनशे झाले, तीनशे झाले. मग तीनशेचे दोनशे, दोनशेचे शंभर. क्षणभर आकडा थांबला आणि पुन्हा चढू लागला.

ती बघत राहिली. तिच्या नकळत तिची छातीही त्या आकड्याबरोबर वर-खाली होऊ लागली होती. हे लक्षात येताच तिने श्वास रोखून धरला. आकडा आपल्या चालीने चढत-उतरत राहिला.

"सेल गेले असतील," मागून कल्पेशभाई म्हणाला.

तिने ती गादी खाली ओढली आणि शेजारची सत्तर नंबरची टाकली. पाच किलो पन्नास. आकडा दगडासारखा स्थिर.

कल्पेशभाईने फोन काढला, त्यात बघितल्यासारखं केलं आणि परत खिशात ठेवला. "काय करायचं म्हणतेस?"

जाळून टाका, असं म्हणायला कावेरीने तोंड उघडलं होतं. पण माल बाद करायचा तर कारण लिहावं लागतं. भिजली, फाटली, उंदरांनी कुरतडली. तिने आजवर शेकडो वेळा तो रकाना भरला होता. इथे काय लिहिणार? शिवाय वहीत जी गादी कधी नव्हतीच ती बाद तरी कशी करणार?

"उसवू," ती म्हणाली. "कापूस पिंजून मोकळा करू. गादीच राहणार नाही."

काळूने नाकातोंडाला पंचा बांधला. खोळ उसवली. आत कापूसच होता, दुसरं काही नाही. थोडा पिवळसर, थोडा दमट. मशीन सुरू झालं, शेडभर पांढरा धुरळा उडाला. काळू नेहमी मशीनवर गुणगुणायचा, त्या दिवशी गुणगुणला नाही. पिंजून झाल्यावर कापसाचा ढीग चादरीत बांधून कावेरीने काट्यावर ठेवला. पाच किलो. पाच मिनिटं उभी राहिली, आकडा हलला नाही.

तिने २१३ची पट्टी चहाच्या शेगडीवर धरून जाळली. पहिल्यांदाच तिला मोकळं वाटलं.

"आता एवढा कापूस फुकट थोडाच घालवायचा?" कल्पेशभाई म्हणाला. "अठरा गाद्या दबून पापड झाल्यात. प्रत्येकीत मूठ-मूठ भर. फुगतील. सणाहून माणसं परत आली की लगेच लागतील."

काळूने कावेरीकडे पाहिलं. ती नाही म्हणाली असती तर कल्पेशभाईने ऐकलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण कापूस शांत झाला होता. सुकदेवचा हात वाचला होता. आणि गोदामातल्या नि बाहेरच्या गाद्यांची बेरीज पुन्हा जुळत होती. तिने वही उघडली, दोनशे बारा लिहिलं आणि पुढे शब्द लिहिला, बरोबर.

६

होळी सरली, माणसं परतली. अठराच्या अठरा गाद्या एकाच चाळीत गेल्या. नरोलीला कारखान्यांच्या मागे चार खोल्यांची नवी चाळ झाली होती. दोन खोल्यांत पाच-पाच, दोन खोल्यांत चार-चार माणसं. सगळे धाग्याच्या कारखान्यातले, सगळे नाईटचे. वाल्मिक नावाच्या पारोळ्याकडच्या माणसाने सगळ्यांच्या वतीने सही केली. चाळिशीचा, शांत, प्रत्येक गादीची पट्टी वाचून वहीशी ताडून घेणारा. कावेरीला तो आवडला होता.

सुकदेवची जखम भरत आली. तो फरशीवर झोपत होता, कंबर दुखते म्हणून कुरकुरत होता. त्याची कुरकुर ऐकून तिला बरं वाटायचं. दुपारी जेवताना ती कान देऊन ऐकायची. एकच श्वास. एका श्वासाने खोली किती रिकामी आणि चांगली वाटते, हे तिला नव्याने कळलं होतं.

गाद्या गेल्यापासून बाराव्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, वाल्मिक गोदामाच्या दारात उभा राहिला. आधी तिने त्याला ओळखलंच नाही. डोळे आत गेलेले, दाढी वाढलेली.

"ताई, गाद्या बदलून द्या," तो म्हणाला.

"का? टोचतात?"

"टोचत नाहीत. उलट झोप इतकी लागते की विचारू नका. कालपर्यंत तिघांचे खाडे झालेत. उठवायला गेलं तर उठत नाहीत." तो थांबला. पुढचं सांगायला त्याला लाज वाटत असावी. "ताई, मी पंधरा वर्षं अशा खोल्यांत झोपतोय. खोलीतला कोण कसा घोरतो ते मला अंधारात सांगता येतं. आमच्या खोलीत आम्ही पाच. काल दिवसा मी मुद्दाम जागा राहिलो. बसून मोजत होतो. मी जागा म्हणजे घोरणारे चार पाहिजेत ना?"

कावेरीने विचारलं नाही. तिला आकडा ऐकायचा नव्हता.

"नऊ होते," वाल्मिक म्हणाला. "दोनदा मोजले. आणि ताई, माझ्या गादीवर तर कुणीच नव्हतं."

कावेरीच्या हातातली वही मिटली. पाचही गाद्या त्यातल्याच होत्या. पलीकडच्या खोल्यांतल्याही त्यातल्याच. तिने स्वतःच्या हाताने सगळ्या चढवल्या होत्या, शेवटी बरोबर लिहून.

"काळू," तिने हाक मारली, "टेम्पो काढ. सगळ्या परत आणायच्या."

७

दुपारचे दोन. चाळीसमोरची सिमेंटची गल्ली तापून पांढरी पडली होती. दोरीवर वाळत घातलेल्या गणवेशांच्या ओळी, त्यांच्या सावल्या, नळाखाली एक रिकामी बादली. चारही खोल्यांची दारं नुसती लोटलेली, आतून पंख्यांची घरघर. नाईटची माणसं झोपली की दिवसा अशा चाळी गप्प असतात. कावेरीने अशा शेकडो दुपारी पाहिल्या होत्या, कधी काही वाटलं नव्हतं.

तिने पहिलं दार ढकललं.

चार गाद्या, चार माणसं. चौघंही डाव्या कडेला. एक खांदा गादीवर, एक फरशीवर, हात छातीशी आवळलेले, आणि उजवीकडे प्रत्येकाची अर्धी गादी मोकळी. गर्दीच्या गाडीत शेजारच्याला जागा देऊन बसावं, तसं चौघांनी झोपेत अंग चोरलं होतं.

दुसऱ्या खोलीत चार, तसेच. तिसरीत पाच, तसेच. चौथी वाल्मिकची, तिथे चार माणसं आणि एक मोकळी गादी. त्या मोकळ्या गादीवरची चादर मात्र पूर्ण मोकळी दिसत नव्हती. कावेरीने तिकडे नीट पाहिलं नाही.

"उठवायचं कसं?" काळू कुजबुजला. "हलवायला आत नाही जायचो मी."

तिलाही आत जायचं नव्हतं. नळाजवळ लोखंडाची एक पहार पडली होती. तिने ती उचलली आणि चाळीच्या लोखंडी फाटकावर घातली. एकदा, दोनदा, पुन्हा. वाल्मिक गल्लीत उभा राहून एकेकाचं नाव घेऊन ओरडू लागला. हात भरून आला तरी ती थांबली नाही. आपण जे लिहिलं ते या माणसांच्या अंगाखाली आहे, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं.

शेवटी एक जण दारात आला, भिंतीला धरून. मग दुसरा. मग शिव्या देत तिसऱ्या खोलीतले. डोळे अर्धे मिटलेले, लुंग्या-बनियनवर, अनवाणी पायांनी तापल्या सिमेंटवर नाचत ते एकेक करून बाहेर आले आणि भिंतीच्या सावलीत दाटीने उभे राहिले. दोघांना इतरांनी काखेत हात घालून आणलं. कावेरी मोजत होती. पंधरा. सोळा. शेवटचा माणूस उंबरठ्यावर बसला, त्याला वाल्मिकने ओढून घेतलं. सतरा. आणि वाल्मिक अठरा.

तिने पुन्हा मोजले, दुसऱ्या टोकाकडून. अठरा.

सगळे बाहेर होते. एकही हात, एकही पाय आत राहिला नव्हता. पहार तिच्या हातून खाली टेकली आणि तिला वाटलं, रडू येईल.

"काय नाटक लावलंय, ताई?" एक जण म्हणाला. "ड्युटी करून आलोय, झोपू तरी..." त्याचं बोलणं तिथेच राहिलं.

फाटकाचा आवाज विरला होता. पंख्यांची घरघर पुन्हा ऐकू यायला लागली होती, आणि पंख्यांच्या खाली दुसरा आवाज होता. चारही खोल्यांतून. घेताना जड, सोडताना लांब. एकाचा संपला की दुसऱ्याचा सुरू व्हायचा. भर दुपारी, चार रिकाम्या खोल्यांत, दमून आलेली माणसं झोपावीत तसा.

गल्लीतल्या अठरा माणसांपैकी कुणी हललं नाही. कुणी कुणाकडे बघितलं नाही. प्रत्येक जण तेच ऐकत होता आणि दुसऱ्याने ते ऐकलं नसावं अशी आशा करत होता. पाय भाजत होते तरी कुणी पाय उचलत नव्हतं.

कावेरी चौथ्या खोलीच्या समोर उभी होती. दार सताड उघडं पडलं होतं. उन्हाचा पट्टा उंबरठा ओलांडून आत गेला होता आणि पहिल्या गादीच्या मोकळ्या अर्ध्या भागावर, चादरीच्या वरच्या टोकाशी पोचला होता.

ती चादर हलली. पंख्याने हलते तशी नाही. डोळ्यांवर ऊन आल्यावर माणूस कूस बदलतो, तोंड भिंतीकडे करतो आणि चादर डोक्यावरून ओढून घेतो, तशी. आधी खांद्याचा उंचवटा फिरला, मग कमरेचा. मग काहीच नाही. श्वास पुन्हा लागला.

काळू एक पाऊल मागे सरला. कुणीतरी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं. कावेरीने मान वळवली तेव्हा वाल्मिक तिच्या अगदी जवळ येऊन उभा होता. त्याच्या ओठांवर बोट होतं.

"ताई," तो ऐकू येईल न येईल इतक्या हलक्या आवाजात म्हणाला, "दार ओढून घ्या. उजेडाने त्यांची झोप मोडेल."

कावेरीने हात लांब केला, कडी दोन बोटांत धरली आणि आवाज न होऊ देता दार ओढून घेतलं.